घरच्या शेगडीवर गाडीसारखं चायनीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या स्वयंपाकघरात आलं-लसूण तेलात पडलं की वास जिन्यातून खालच्या मजल्यापर्यंत जातो. मग दारावर कुणीतरी येतं, नाहीतर फोन येतो. "काकू, आमचं पाणचट का होतं?" हा त्यातला कायमचा प्रश्न. पदार्थ तसा साधा: मोठ्या आचेवर परतलेलं मांस आणि भाज्या, वरून सोया सॉसचा दाटसर सॉस. गेल्या काही वर्षांत तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. चार माणसांच्या अंदाजाने लिहिलंय. मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा म्हणजे ५ मिली. घरातला पोह्यांचा चमचा कुठल्याही मापात बसत नाही, तो बाजूला ठेवा.

हा पदार्थ मुळात बीफचा ना? मग तुम्ही काय घालता?

हो, परदेशात पार्सल मिळणारा जो प्रसिद्ध प्रकार आहे तो बीफ आणि ब्रोकोलीचा. अमेरिकेत गेलेल्या कँटोनीज लोकांच्या हातचा. त्यांच्या मूळ मुलखात ब्रोकोलीऐवजी 'गाय लान' असते. नावात गाय असली तरी ती पालेभाजी आहे, घाबरू नका.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस त्या बंदीत नाही. ज्यांच्या घरी बड्याचं खातात त्यांनी ते परवाना असलेल्या दुकानातून आणावं, पुढची सगळी रीत त्याला जशीच्या तशी लागू पडते. मी चिकन करते आणि महिन्यातून एखाद्या वेळी मटण. चिकन घ्यायचं तर मांडीचं बोनलेस घ्या. छातीचं मांस अर्धा मिनिट जास्त झालं तरी भुशासारखं लागतं, मांडीचं तेवढं चुकलेलं पोटात घालतं.

आमच्या घरी रस्साच का होतो?

कारण तुम्ही सगळं एकदम टाकता. मीही टाकायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा पाहुणे होते, म्हणून आठशे ग्रॅम चिकन एकाच कढईत ओतलं. दोन क्षण 'चर्र' झालं आणि मग आवाजच गेला. मग 'बुडबुड, बुडबुड'. चिकन करड्या रंगाच्या पाण्यात पोहत होतं. पाहुण्यांनी ते भातावर घेतलं आणि "सूप छान झालंय" म्हणाले.

झालं काय ते सांगते. मांस थंड असतं, भाजी ओली असते. कढईत पडल्यावर दोन्ही उष्णता ओढून घेतात आणि पाणी सोडतात. पाणी असेतोवर कढईतल्या जिनसा पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाहीत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मांसाला तांबूस रंग आणि खमंगपणा यायला मात्र १४० अंशांच्या घरात जावं लागतं. म्हणजे पाणी सुटलं की तुम्ही परतत नसता, उकडत असता.

गाडीवाल्याची भट्टी आपल्या शेगडीच्या कित्येक पट आग ओकते. पाणी सुटायच्या आत ते उडून जातं, म्हणून त्याला सगळं एकदम टाकणं परवडतं. आपल्याला आग वाढवता येत नाही, म्हणून माल कमी करायचा. चारशे ग्रॅम चिकन असेल तर दोन घाण्यांत करा, कढई लहान असेल तर तीन. भजी तळताना आपण घाणे काढतोच, इथेच का अंगावर येतं?

आग पुरेशी आहे हे कळायचं कसं?

कानाने. चर्र असा आवाज सतत यायला हवा. बुडबुड सुरू झाली की लगेच अर्धा माल ताटात काढा आणि राहिलेला पसरून आधी कोरडा होऊ द्या. इतकी वर्षं करते, तरी अजून मी बघण्याऐवजी ऐकूनच ठरवते.

मग हाय प्रेशरची शेगडी घरी आणली तर?

नको. बंद स्वयंपाकघरात, कपाटाखाली, पडद्याशेजारी ती भट्टी म्हणजे संकटाला आमंत्रण. घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बदलून हाय प्रेशरचा लावणं तर अजिबात नको. गाडी उघड्यावर असते, आपलं घर नसतं.

वोक, म्हणजे ती चिनी कढई, घ्यायलाच हवी का?

नाही. जाड बुडाची लोखंडी कढई किंवा खोलगट लोखंडी तवा उत्तम. घरात जुनी कढई नसेल तर भांडीबाजारात चक्कर मारा. तांब्या-पितळेच्या झगमगाटात लोखंडी कढया मागच्या बाजूला उपड्या घातलेल्या असतात, त्या काढायला सांगा. आकाराला भुलू नका. आपल्या बर्नरची ज्योत जेवढ्या बुडाला लागते तेवढीच कढई तापते, वरच्या कडा नुसत्या शोभेच्या.

नवी कढई घासून, पूर्ण वाळवून, मंद आचेवर तेलाचा पातळ हात फिरवत चार-पाच वेळा तापवून घ्या. काळपट तुकतुकीत झाली की चिकटत नाही. व्हिनेगर किंवा टोमॅटो तिच्यात फार वेळ शिजवत ठेवलं तर हा थर निघून जातो. नॉनस्टिक रिकामं कडक तापवू नये, त्याचा लेप जास्त उष्णतेला खराब होतो आणि या पदार्थाला तर नेमकं तेच लागतं.

हॉटेलातलं मांस इतकं मऊ आणि गुळगुळीत कसं असतं?

ही खरी मेख. चिकनला कॉर्नफ्लोअरचं कोट करतात. चारशे ग्रॅम चिकनला एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा तेल, थोडी मिरपूड. हवं असेल तर एका अंड्याचा पांढरा बलक. हाताने नीट चोळा, पिठाची एकही कोरडी गुठळी राहू देऊ नका आणि अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवा. परतताना हा थर मांसातलं पाणी आत धरून ठेवतो आणि शेवटी सॉसही त्यालाच चिकटतो.

मटणाला किंवा बड्याला याच्या आधी एक पायरी जास्त. चारशे ग्रॅमला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा चोळायचा, वीस ते तीस मिनिटं ठेवायचं, मग स्वच्छ धुऊन फडक्याने टिपून कोरडं करायचं. सोड्यामुळे मांसातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, म्हणून चिवटपणा येत नाही. आणि वेळ पाळा. एकदा मी सोडा लावून रात्रभर विसरले. सकाळी मांस हाताला बुळबुळीत आणि शिजल्यावर तोंडात साबण. कुत्र्यानेही हुंगून मान फिरवली.

मटण कसं कापायचं? खाटीक तर रश्श्याचे तुकडे करून देतो.

त्याला आधीच सांगा: रानाचं म्हणजे मांडीचं, हाड काढून, अख्खा तुकडा. शनिवारी गर्दीत तो वैतागेल, म्हणून सकाळी लवकर जा. घरी आणल्यावर तो तुकडा चाळीसेक मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ नको, फक्त घट्ट व्हायला हवा. मग उजेडात धरून बघा, मांसात लाकडासारख्या रेषा दिसतील. सुरी त्या रेषांना आडवी चालवा आणि जाडी तीन मिलीमीटरच्या आसपास ठेवा. रेषांच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक पट्टी म्हणजे सुतळी.

आपलं मटण बोकडाचं असतं, तेही कोवळं हवं. जून निघालं तर हट्ट न करता त्याचा रस्सा करा.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठच ना?

नाही हो नाही! मक्याचं पीठ पिवळं, जरासं रवाळ, भाकरीचं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला नुसता स्टार्च. पांढराशुभ्र, चिमटीत दाबला की करकरतो. शेजारच्या वहिनींनी पिवळं पीठ घातलं होतं. चवीला वाईट नव्हतं, पण ते पिठलं होतं.

हे पीठ नेहमी थंड पाण्यात किंवा थंड सॉसमध्ये कालवायचं. गरमात टाकलं की गुठळ्या. ते तळाशी बसतं, म्हणून कढईत ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळा.

सॉसचं माप सांगा.

वाटीत आधीच तयार करून ठेवायचं: दोन मोठे चमचे लाइट सोया, अर्धा छोटा चमचा डार्क सोया, एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा व्हिनेगर, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी, म्हणजे शंभरेक मिली, पाणी किंवा चिकनचा अळणी स्टॉक. मीठ घालू नका. मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण नऊशे मिलिग्रॅम सोडियम असतं. शेवटी चाखा आणि मग ठरवा. बीपी असलेल्यांसाठी लाइट सोया निम्मा करून लसूण-मिरपूड वाढवते.

लाइट सोया खारटपणा आणि चवीसाठी, डार्क सोया रंगासाठी. आपल्या किराणा दुकानात नुसतं 'सोया सॉस' मागितलं की बहुतेक वेळा डार्क हातात येतं, आणि त्याचे दोन मोठे चमचे घातले की पदार्थ डांबरासारखा दिसतो. बाटलीवर वाचून घ्या.

ऑयस्टर सॉस कालवांच्या अर्कापासून करतात. घरात चालत नसेल तर मशरूमचा शाकाहारी मिळतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, ग्लूटेन चालत नसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

चिनी पाककृतीत शाओशिंग वाइन लिहिलेली असते. ती नाशकात कुठे शोधायची?

शोधू नका. आपण द्राक्षांच्या गावात राहतो! गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी आहेत, घरात कोरडी पांढरी वाइन उघडलेली असेल तर त्यातला एक मोठा चमचा चिकन परतताना कढईच्या कडेने सोडा. शाओशिंग तांदळाची असते, तिची चव वेगळी. पण काम भागतं. घरात वाइन चालत नसेल तर पाण्याचा हबका मारा, काही बिघडत नाही.

भाज्या कुठल्या आणि कुठल्या क्रमाने?

बुधवारी गोदाघाटावरचा बाजार भरतो तेव्हा मी आठवड्याचं आणते. ढोबळी मिरची, फरसबी, गाजर, कोबी, कांद्याची पात. ब्रोकोली थंडीत चांगली आणि स्वस्त. फ्लॉवरही चालतो. टोमॅटो नको, तो पाणी सोडतो.

आदल्या दिवशी धुऊन कोरड्या करून ठेवा. ओली ढोबळी मिरची म्हणजे पुन्हा तीच बुडबुड. ब्रोकोली, फरसबी आणि गाजर उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढा, मग फडक्यावर पसरा. कढईत आधी हे कडक गडी, मग ढोबळी मिरची आणि कांद्याच्या पाकळ्या, मग कोबी. पात आच बंद केल्यावर.

कांदा मात्र नाशिककरांना काय शिकवायचा! तरी सांगते. लाल कांद्यात पाणी जास्त असतं, चाळीतला उन्हाळ कांदा घट्ट असतो. चिरताना मुळाकडून चार-सहा भाग करून पाकळ्या सोडवा. आपण पोह्यांना चिरतो तसा बारीक चिरला तर तो विरघळून जातो.

सगळं एकत्र कसं येतं? क्रम नीट सांगा.

गॅस लावायच्या आधी चिरलेलं सगळं, वाटीतला सॉस आणि रिकामं ताट हाताशी हवं. गॅस लागल्यावर सगळं पाच-सात मिनिटांत संपतं, मध्ये लसूण सोलायला वेळ नसतो. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा.

कढई धूर दिसेपर्यंत तापवा. दोन मोठे चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल. चिकनचा पहिला घाणा पसरून घाला आणि हात बांधून उभे राहा. अर्धं-पाऊण मिनिट हलवायचं नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, कारण गाडीवाला सारखा उडवत असतो. त्याच्या कढईत आग वरपर्यंत असते, तुमच्या कढईत फक्त बुडाला. तेवढा वेळ खाली टेकू द्या, रंग येऊ द्या, मग उलटा. पूर्ण शिजल्यावर ताटात काढा. जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. दुसरा घाणा तसाच.

मग चमचाभर तेल आणि भाज्या वर सांगितलेल्या क्रमाने, दोन-अडीच मिनिटं. मध्ये जागा करून मोठा चमचाभर ठेचलेला लसूण आणि तितकंच आलं. पंधरा सेकंद, जास्त नाही. लसूण आधी टाकला तर एवढ्या आचेवर जळून कडू होतो. आता चिकन परत घाला, सॉस ढवळून कडेने ओता. तो आधी दुधाळ दिसेल, मग अर्ध्या मिनिटात पारदर्शक होऊन चकाकेल. चकाकला की गॅस बंद.

वर तर्री शोधू नका, ही मिसळ नव्हे. तेल सुटलेलं दिसलं तर जास्त पडलंय.

तिळाचं तेल घालायचं का?

घालायचं तर गॅस बंद केल्यावर, अर्धा छोटा चमचा. पण घाण्यावरचं आपलं तिळाचं तेल ते हे नव्हे. चिनी तेल भाजलेल्या तिळांचं, गडद तपकिरी आणि उग्र वासाचं असतं.

अजिनोमोटो घातल्याने त्रास होतो ना?

१९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ही चव वेगळी काढली. अजिनोमोटोतलं चव देणारं ग्लुटामेट टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही नैसर्गिकरीत्या असतं. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चायनीज हॉटेलात जेवल्यावर त्रास होतो असं एक पत्र छापून आलं आणि तिथून बदनामी सुरू झाली. पुढे खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत नसेल अशा रीतीने चाचण्या झाल्या, त्यांत नेहमीच्या प्रमाणात ठोस काही सापडलं नाही. मी चिमूटभर घालते, सासूबाई घरात असल्या की घालत नाही. ऑयस्टर सॉस असेल तर तसंही अडत नाही.

गाडीवरच्यासारखा लालभडक रंग कसा येतो?

रंगानेच येतो. घरी कशाला? कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती उगीच नाही. लाली हवीच असेल तर ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटा आणि लसणाबरोबर परता.

शेजवान चटणी चालेल?

चालेल की, पण मग तो वेगळा पदार्थ. शेजवान चटणी अस्सल आपली, भारतातली. मंचुरियनही असंच, १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी केलं असं सांगतात. चीनच्या सिचुआन प्रांतातला जिभेला मुंग्या आणणारा मसाला आपल्या चटणीत नसतोच. गंमत म्हणजे तो कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे. माहेरी कुणी कोकणातलं असेल तर दोन तिरफळं मागवा, बिया काढून साल भाजून कुटा आणि वरून भुरभुरवा.

श्रावणात काय करता?

पनीर किंवा मशरूम. पनीरला कॉर्नफ्लोअरचा हलका हात लावून आधी बाजूंनी परतून घ्या. मशरूम मात्र धुऊन भिजत ठेवू नका आणि त्यांचे छोटे छोटे घाणे काढा, त्यांच्याइतकं पाणी कुणी सोडत नाही. कांदा-लसूण बंद असेल तर आलं दुप्पट करा. ऑयस्टर सॉस अर्थातच नाही.

कशाबरोबर खायचं?

इगतपुरीकडच्या इंद्रायणीचा गरम भात. तो जरा चिकट असतो, सॉस त्याला धरून राहतो. फ्राइड राइससाठी मात्र इंद्रायणी घेऊ नका, गोळा होतो. त्याला आदल्या दिवशीचा फ्रिजमधला मोकळा भात लागतो. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी वापरायचा नाही. त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की जे परत गरम केल्यानेही जात नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी चालतं का?

जेवणं उरकल्यावर लगेच, दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात तर आणखी लवकर. दुसऱ्या दिवशी सॉस पातळ झालेला दिसेल, भाज्या मऊ पडलेल्या असतील. चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा.

आमच्याकडे रविवारी सकाळी सासूबाई त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून तव्यावर कोरडं होईपर्यंत परततात आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. "कालच्यापेक्षा आज मुरलंय," असं त्या दर वेळी म्हणतात, आणि मुलं मला काही न सांगता त्यांच्या ताटातलं उचलतात.